आधी ऐका, मग पाहा : घरी योगासनं सुरू करताना व्हिडिओ कसा निवडायचा

चार वर्षांपूर्वी मी घरी योगासनं सुरू केली आणि पहिल्याच आठवड्यात माझी मान धरली. आसन साधं होतं, भुजंगासन. पोटावर झोपायचं, तळवे छातीच्या बाजूला ठेवायचे, श्वास घेत छाती उचलायची. फोन मी डाव्या हाताला स्टुलावर ठेवला होता. छाती वर गेली की शिक्षिका पुढे काय करतेय ते दिसावं म्हणून मी मागे गेलेली मान तशीच डावीकडे वळवायचे. रोज चार-पाच वेळा, सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलता येईना.

मान मोकळी झाल्यावर तोच व्हिडिओ मी नुसता ऐकून पाहिला, तेव्हा कारण कळलं. पंचवीस मिनिटांत ती शिक्षिका "आता असं", "मग इकडून असं", "छान, आता दुसरी बाजू" यापलीकडे फारसं बोललीच नव्हती. दिसायला व्हिडिओ देखणा होता, मागे समुद्र होता, तिची आसनं अगदी रेखीव होती. पण पडद्याकडे बघितल्याशिवाय पुढे काय करायचं ते कळायला मार्ग नव्हता. आणि योगासनं करताना निम्मा वेळ आपलं तोंड जमिनीकडे, छताकडे नाहीतर भिंतीकडे असतं.

तेव्हापासून व्हिडिओ निवडताना मी एक गोष्ट सगळ्यात आधी तपासते: तो नुसता ऐकून करता येतो का? मी योगशिक्षिका नाही. व्हिडिओवरून सुरुवात केली, मग वर्षभर वर्गाला जाऊन चुका सुधारून घेतल्या. या काळात माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आईसाठी, नणंदेसाठी आणि आमच्या सोसायटीतल्या सात-आठ जणींसाठी व्हिडिओ शोधून दिले. त्यातून जी पद्धत बसत गेली ती इथे क्रमाने लिहिते आहे.

फोनआधी वही

शोधायला बसण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहा: शरीराच्या तक्रारी, रोज मिळणारा वेळ, घरातली जागा आणि हे आपण कशासाठी करतोय.

यातली पहिली गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. "मला तसं काही नाही" असं म्हणून पुढे जाऊ नका. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अवयव आठवा. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखून धरायला लावणारे प्राणायाम, जोरकस कपालभाती किंवा भस्त्रिका (झटक्याने श्वास सोडण्याचे-घेण्याचे प्रकार) आणि डोकं खाली जाणारी आसनं असलेला व्हिडिओ बाद. काचबिंदू असेल तर फक्त शीर्षासन टाळून भागत नाही. डोकं हृदयाच्या खाली गेलं की डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून पादहस्तासन (उभ्याने पुढे वाकून हात पावलांपाशी नेणं) आणि पर्वतासनसुद्धा (हात-पाय जमिनीवर, कंबर वर) डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. कंबरेची गादी सरकली असेल किंवा सायटिकाची कळ येत असेल तर पुढे वाकण्याच्या आसनांनी दुखणं वाढू शकतं. हाडं ठिसूळ झाली असतील तर पाठ गोल करून खाली वाकणं आणि जोराने पीळ देणं धोक्याचं, कारण मणक्याच्या पुढच्या बाजूवर दाब येतो. मानेचा स्पॉन्डिलायटिस असणाऱ्यांनी सर्वांगासन, हलासन (दोन्हींत भार खांद्यांवर आणि मानेवर येतो) असलेले व्हिडिओ पहिल्या गाळणीतच वगळावेत. हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर सर्वसाधारण "नवशिक्यांसाठी" व्हिडिओ चालत नाही. त्यासाठी डॉक्टरांची परवानगी आणि त्याच स्थितीसाठी केलेला वेगळा कार्यक्रम हवा.

डॉक्टरांना विचारायचीही एक रीत आहे. "योगा करू का?" असं विचारलं तर बहुतेक डॉक्टर "करा की" म्हणतात आणि पुढचा पेशंट आत येतो. त्याऐवजी असे प्रश्न लिहून न्या: कंबरेतून पूर्ण खाली वाकलं तर चालेल का? डोकं छातीच्या खाली नेऊ का? श्वास रोखून धरू का? गुडघे पूर्ण दुमडून वज्रासनात बसू का? मनगटावर शरीराचा भार घेऊ का? आईच्या वेळी आम्ही हे पाच प्रश्न विचारले. पहिल्या दोन्हींना आणि वज्रासनाला "नको" असं उत्तर आलं. त्यानंतर व्हिडिओ निवडणं कितीतरी सोपं झालं, कारण काय शोधायचं नाही ते ठरलेलं होतं.

वेळ लिहिताना मनातली नव्हे, खरी वेळ लिहा. सकाळी डबे, पाणी, दूधवाला यातून सुटणारी वीस मिनिटं असतील तर पंधरा मिनिटांचा व्हिडिओ शोधा. उरलेली पाच मिनिटं सतरंजी अंथरण्यात आणि कोणीतरी हाक मारण्यात जातात. पोट रिकामं हवं: पूर्ण जेवणानंतर तीन ते चार तास, चहा-बिस्किटासारख्या किरकोळ खाण्यानंतर तास-दीड तास. त्यामुळे दुपारी चारची वेळ कागदावर छान दिसली तरी जेवण दोनला होणाऱ्या घरात ती जमणार नाही.

जागा मोजायला टेप लागत नाही. जिथे करणार तिथे उताणं झोपा, हात डोक्यावरून मागे लांब करा, मग खांद्याच्या रेषेत दोन्ही बाजूंना पसरा. सोफ्याला, टीपॉयला किंवा टीव्हीच्या कपाटाला बोटं लागली तर तेवढी जागा करून घ्या. नाहीच झाली तर बसून किंवा खुर्चीवर करायचा व्हिडिओ निवडा. परदेशात मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी आणखी एक बघावं: जाड गालिच्यावर एका पायाची आसनं डगमगतात. वृक्षासनासारखी आसनं स्वयंपाकघरातल्या कडक फरशीवर, भिंतीजवळ करावीत.

शोधायचं कुठे, काय लिहून

"योगा फॉर बिगिनर्स" असं टाकलं तर हजारोंनी व्हिडिओ समोर येतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची "बिगिनर" ही कल्पना व्यायामशाळेत जाणाऱ्या पंचविशीतल्या मुलामुलीची असते. म्हणून शोधताना वहीतली माहिती शब्दांत घाला: "खुर्चीवर बसून योग ज्येष्ठ नागरिक मराठी", "गुडघेदुखी सोपी आसने १५ मिनिटे", "नवशिक्यांसाठी शिथिलीकरण".

भाषेचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजी समजणं वेगळं आणि उलटं लटकलेलं असताना इंग्रजी समजणं वेगळं. टाच, पोटरी, बरगडी, माकडहाड हे शब्द कानावर पडले की हात-पाय आपोआप हलतात. ज्या भाषेत तुम्ही घरात "जरा सरक" म्हणता, त्या भाषेतला व्हिडिओ आधी शोधा. मराठीत मनासारखा नाही मिळाला तर हिंदी, मग इंग्रजी.

सुरुवातीला जुन्या संस्थांकडे बघावं असं मी सांगेन. आयुष मंत्रालयाने आंतरराष्ट्रीय योग दिनासाठी जो सामायिक योग अभ्यासक्रम तयार केला आहे, तो २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला देशभर केला जातो. तो साधारण ४५ मिनिटांचा आहे आणि त्याची बांधणी विचारपूर्वक केलेली आहे: आधी मान, खांदे, कंबर, गुडघे यांच्या हालचाली, मग उभ्याची आसनं, मग बैठी, पोटावरची, पाठीवरची, शेवटी प्राणायाम आणि ध्यान. त्याच्या पुस्तिकेत आसनांसोबत ती कोणी करू नयेत हेही दिलेलं आहे. अगदी पहिल्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं करायला जाऊ नका. पहिला आठवडा सुरुवातीच्या हालचाली, उभी आसनं आणि शेवटचं शवासन, म्हणजे उताणं स्वस्थ पडून राहणं, एवढंच पुरे.

आपल्याकडे तर ही परंपरा दाराशी आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला सुरू केलेलं कैवल्यधाम आणि श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये स्थापन केलेली, आता सांताक्रूझला असलेली द योगा इन्स्टिट्यूट या दोन्हींचे व्हिडिओ उपलब्ध आहेत. शरीर फार आखडलेलं असेल तर बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत शिकलेले शिक्षक बघा. त्यांची पुण्यातली संस्था १९७५ सालची. या पद्धतीत पट्टा, ठोकळे, लोड, खुर्ची, भिंत यांचा आधार घेतात आणि शिक्षक शरीराच्या एकेका भागाबद्दल बारकाईने बोलतात. ही बोलण्याची सवय नवशिक्याला फार उपयोगी पडते.

पाच-सहा व्हिडिओ वेगळ्या यादीत साठवले की थांबा. पंचवीस जमवले तर बघण्यातच आठवडा जातो आणि सतरंजी गुंडाळलेलीच राहते.

कानांची परीक्षा

आता यादीतला एक व्हिडिओ घ्या. पहिल्या मिनिटाला स्वागत आणि ओळख असते, म्हणून पाचव्या मिनिटाच्या आसपास जा. फोन पालथा ठेवा. दोन मिनिटं जे ऐकू येईल तेवढंच करा. मग फोन उचला, तेवढाच भाग मागे नेऊन पाहा आणि आपण केलं ते आणि पडद्यावर चाललंय ते जुळतं का बघा.

फरक कसा कळतो ते एका आसनावरून दाखवते. ताडासन घेऊ. एका व्हिडिओत असं ऐकू आलं:

"आता उभे राहा. हात असे घ्या. मस्त ताण द्या. वर, वर, वर. थांबा. छान. आता खाली."

दुसऱ्यात असं:

"दोन्ही पावलांत एक वीतभर अंतर ठेवा. पावलं एकमेकांना समांतर. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा. श्वास घेत हात डोक्यावर न्या आणि तळवे छताकडे वळवा. खांदे कानापासून दूर. आता टाचा उचलायच्या आहेत. तोल जातोय असं वाटलं तर टाचा जमिनीवरच राहू द्या. श्वास चालू ठेवा, रोखू नका. समोर एका ठिकाणी नजर. पाच मोजेपर्यंत थांबू. आता श्वास सोडत आधी टाचा खाली, मग हात बाजूने खाली."

दुसरा उतारा वाचताना तुम्ही बसल्या जागी खांदे खाली सोडले असतील. माझं तसं झालं होतं. त्यात काय काय आहे बघा: अवयवाचं नाव, दिशा, श्वास केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा, किती वेळ थांबायचं, जमलं नाही तर काय, आणि आसनातून बाहेर कसं यायचं. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त गाळली जाते. आसनात जाताना शिक्षक समजावून सांगतात आणि बाहेर येताना "सोडा" एवढंच म्हणतात. कंबर भरते ती बहुधा या सोडण्यात. सेतुबंधासनातून (पाठीवर झोपून कंबर उचलण्याच्या आसनातून) धपकन खाली आलं, किंवा पादहस्तासनातून गुडघे ताठ ठेवून झटक्याने वर आलं की झालं. म्हणून ऐकताना "बाहेर येताना" हे शब्द येतात का, याकडे खास कान द्या.

श्वासाचा मेळ तपासायला भुजंगासन चांगलं. छाती उचलताना श्वास आत, खाली येताना बाहेर, असं असायला हवं. पुढे वाकताना श्वास बाहेर. शिक्षक श्वासाबद्दल काहीच बोलत नसतील, किंवा आपला एक श्वास पूर्ण व्हायच्या आत पुढची सूचना येत असेल, तर तो व्हिडिओ आपल्यासाठी नाही. वेग पाऊणपट करून बघायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी देणार नाही. आवाज ओढल्यासारखा येतो आणि वेग कमी करूनच चालणारा व्हिडिओ मुळात दुसऱ्या कोणासाठी केलेला असतो. व्हिडिओ मध्येच थांबवून सावकाश करणं मात्र चांगलं.

संगीत बोलण्यावर चढत असेल तर सोडून द्या. आईला मागे बासरी असली की सूचना ऐकू यायच्या नाहीत, आणि ती मला न सांगता अंदाजाने करत राहिली होती. ज्येष्ठांसाठी निवडताना त्यांनाच ऐकवून पाहा, आपल्या कानांवर जाऊ नका.

तीन ठिकाणी बोट

कानांच्या परीक्षेत उतरलेले दोन-तीन व्हिडिओ उरतील. ते पूर्ण बघायची अजून गरज नाही. खालच्या पट्टीवर तीन ठिकाणी बोट ठेवा.

पहिलं, सुरुवातीच्या दोन-तीन मिनिटांनंतर. तिथे मान, खांदे, मनगटं, घोटे यांच्या सावकाश हालचाली चालू असायला हव्यात. वीस मिनिटांच्या व्हिडिओत निदान चार मिनिटं अशी असावीत. दुसऱ्याच मिनिटाला कोणी पूर्ण वाकून तळवे जमिनीला टेकवत असेल तर पुढे बघू नका.

दुसरं, बरोबर मध्यावर. इथे सगळ्यात कठीण आसन असतं. ते आसन तुमच्या वहीतल्या "नको" मध्ये आहे का? नसेल तर शिक्षक त्याचा सोपा पर्याय दाखवतात का? "हात पोचत नसेल तर गुडघा वाकवा", "पायाला पट्टा लावा", "भिंतीचा आधार घ्या" असं काही ऐकू यायला हवं. उत्तम व्हिडिओत दोन माणसं असतात: एक पूर्ण आसन करतं, दुसरं सोपा प्रकार करतं. असा मिळाला तर तो लगेच निवडा आणि तुम्ही दुसऱ्या माणसाबरोबर करा.

तिसरं, शेवटची पाच मिनिटं. शवासन किती वेळ दिलंय? तीन मिनिटांपेक्षा कमी असेल तर स्वतः वाढवायचं. शेवटी लगेच "लाइक करा, शेअर करा" सुरू होत असेल तरी व्हिडिओ बाद करायची गरज नाही. शवासनाला सुरुवात झाली की व्हिडिओ बंद करा आणि आधी लावून ठेवलेला हलक्या आवाजाचा गजर वाजेपर्यंत पडून राहा. आवाज मोठा करून लागणाऱ्या जाहिरातीचाही प्रश्न त्याने सुटतो. शवासनात छातीत धस्स होऊन उठणं फार वाईट, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांना.

मग डोळ्यांनी

कॅमेऱ्याबद्दल थोडंच. डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण शरीर चौकटीत हवं. पुढे-मागे वाकण्याची आसनं बाजूने दाखवलेली असावीत, नाहीतर पाठ सरळ आहे की गोल ते कळत नाही. त्रिकोणासनासारखी बाजूला झुकायची आसनं समोरून. कपडे आणि मागची भिंत यांचे रंग वेगळे हवेत. काळ्या पार्श्वभूमीवर काळे कपडे असतील तर गुडघा कुठे आहे ते शोधत बसावं लागतं.

डावं-उजवं मात्र नक्की तपासा. काही शिक्षक आरशासारखं करतात: "उजवा हात" म्हणतात आणि स्वतः डावा उचलतात, म्हणजे आपल्याला बरोबर त्याच बाजूला दिसतो. काही जण तसं करत नाहीत. दोन्ही चालतं, पण एकाच व्हिडिओत कधी असं कधी तसं असेल तर एक बाजू दोनदा होते आणि दुसरी राहून जाते.

सूर्यनमस्कारांबद्दल

हा विषय मी वेगळा काढते आहे, कारण आपल्या घरांत याबद्दल एक समजूत घट्ट बसलेली आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. रथसप्तमीला शाळेच्या मैदानावर आपण सगळ्यांनी ते घातले. त्यामुळे "सूर्यनमस्कार म्हणजे सुरुवातीचं, सोपं" असं मनात असतं आणि बहुतेक व्हिडिओसुद्धा त्यांना तयारीच्या हालचालींत टाकतात.

पण बारा स्थितींचा एक नमस्कार नीट बघा. हात वर नेऊन मागे झुकणं दोनदा, पूर्ण पुढे वाकणं दोनदा, एकेका पायाने मागे लांब जाणं, अष्टांगात छाती आणि हनुवटी टेकवताना मनगटांवर आणि खांद्यांवर भार, लगेच भुजंगासन, लगेच पर्वतासन. वीस-पंचवीस वर्षं खुर्चीत बसून काम केलेल्या माणसासाठी हे एका दमात फार आहे. तेराव्या वर्षी जमत होतं ते पन्नासाव्या वर्षी पहिल्या दिवशी तसंच जमेल असं नाही. पहिल्या महिन्यात असा व्हिडिओ निवडा ज्यात यातल्या स्थिती सुट्या सुट्या शिकवल्या आहेत. महिन्यानंतर सलग घाला, तेही दोन-चारच. माझ्या नणंदेने उत्साहात पहिल्याच दिवशी बारा घातले आणि दोन आठवडे मनगटाला पट्टा बांधून पोळ्या लाटल्या.

शीर्षकं आणि प्रमाणपत्रं

"सात दिवसांत पोट गायब", "थायरॉइड मुळापासून बरा", "औषध बंद करा" असं लिहिलेलं दिसलं की पुढे जा. योगाने पुष्कळ फायदा होतो, पण गोळ्या बंद करायचा निर्णय डॉक्टरांचा. असं वचन देणारा माणूस तुमच्या गुडघ्याची काळजी घेईल असा भरवसा मला वाटत नाही.

प्रमाणपत्र असलेलं चांगलं. आपल्याकडे आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग सर्टिफिकेशन बोर्ड परीक्षा घेतं. योगा अलायन्स ही अमेरिकेतली संस्था २०० तासांच्या अभ्यासक्रमावर शिक्षकांची नोंद करते. पण समोर बसलेल्या माणसाला शिकवणं आणि न दिसणाऱ्या माणसाला बोलून शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं येतं का ते कानांच्या परीक्षेतच कळतं. वाचायच्याच असतील तर खालच्या प्रतिक्रिया वाचा, पण "अप्रतिम" वगळून. "माझा गुडघा दुखला, काय करू?" अशा प्रश्नाला शिक्षकांनी उत्तर दिलंय का आणि काय दिलंय, ते पाहा. "थांबा, गुडघ्याखाली घडी घातलेली चादर ठेवून बघा, तरी दुखलं तर हे आसन सोडा" असं उत्तर मला एका व्हिडिओखाली सापडलं. आईसाठी तोच निवडला.

पहिल्यांदा करण्याआधी

आता निवडलेला एकच व्हिडिओ खुर्चीत बसून पूर्ण पाहा. हात-पाय हलवू नका, नुसता पाहा. कोणती आसनं येतात ते ओळीने कागदावर लिहा आणि आपण न करण्याच्या आसनावर फुली मारा. तेवढा वेळ काय करायचं तेही तिथेच लिहून ठेवा: पोटावर असताना मकरासन (हातांवर डोकं टेकवून पालथं स्वस्थ पडणं), पाठीवर असताना गुडघे वाकवून स्वस्थ पडणं. ही यादी भिंतीवर चिकटवली की पडद्याकडे बघायची गरज आणखी कमी होते.

साधं सामान पुरतं. चार ते सहा मिलिमीटर जाडीची, न घसरणारी मॅट असली तर उत्तम. सतरंजी चालते, पण गुळगुळीत टाइल्सवर ती सरकते, म्हणून उभ्याची आसनं अनवाणी, थेट फरशीवर करा. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, आधी पुसून घ्या. पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी किंवा पंचा, ठोकळ्याऐवजी दोरीने घट्ट बांधलेली दोन जाड पुस्तकं, लोडाऐवजी घट्ट गुंडाळलेली चादर. खुर्ची वापरणार असाल तर ती भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची आणि प्लास्टिकची हलकी खुर्ची नको.

पडदा कुठे ठेवायचा यावर मान अवलंबून आहे, हे मी स्वतः भोगलंय. फोन डोक्याच्या दिशेला, सरळ समोर. उभ्या आसनांसाठी छातीच्या उंचीवर, बसून आणि पोटावरच्या आसनांसाठी पाटावर किंवा डब्यावर, जमिनीपासून एखाद्या वीतभर वर. पाठीवर झोपल्यावर पडद्याकडे बघायचंच नाही, मग तो कुठेही असो. टीव्हीवर लावता आलं तर मोठं चित्र लांबून दिसतं आणि डोळे बारीक करावे लागत नाहीत. नेट अडखळत असेल तर व्हिडिओ आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा.

पहिले पंधरा दिवस

एकच व्हिडिओ, रोज किंवा आठवड्यातून पाच दिवस. पहिले दोन दिवस अर्धाच करा आणि शवासनाने संपवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पूर्ण. रोज एक ओळ लिहा: कुठे ताण आला, कुठे दुखलं, दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं.

ताण आणि दुखणं यांतला फरक ओळखायला काही खुणा आहेत. स्नायूंच्या मध्यभागी, पसरलेला, आसन सोडल्यावर कमी होणारा असेल तर तो ताण, चालतो. सांध्यात, एका बिंदूत, टोचल्यासारखा, किंवा मुंग्या येत खाली पाय-हाताकडे उतरणारा असेल तर तिथेच थांबा. चक्कर, छातीत भरून येणं, धाप लागणं, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काही झालं तर त्या दिवशीचं सगळं थांबवून डॉक्टरांशी बोला. पतंजलींनी आसनाची व्याख्या "स्थिरसुखमासनम्" अशी तीन शब्दांत केली आहे. स्थिर राहता येतंय का आणि सुखाने राहता येतंय का, हे दोन प्रश्न प्रत्येक आसनात स्वतःला विचारता येतात.

आठ-दहा दिवसांनी एखाद्या सकाळी बाजूने आपलाच व्हिडिओ घ्या. घरातल्या कोणाला तरी फोन धरायला सांगा. भुजंगासनात खांदे कानांपर्यंत गेलेत का, पुढे वाकताना पाठ कासवासारखी झालीय का, ते त्यात दिसतं. व्हिडिओतला शिक्षक आपल्याला बघू शकत नाही, ही या शिक्षणातली सगळ्यात मोठी उणीव आहे आणि ती पूर्ण भरून निघत नाही. म्हणून जमलं तर महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जवळच्या वर्गात जाऊन एखाद्या शिक्षकांकडून आपली पाच-सहा आसनं तपासून घ्या. मी गेले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या पावलांची दिशा दुरुस्त केली. दीड वर्ष मी ती बाहेर वळवून उभी राहत होते.

पंधरा दिवसांनी कंटाळा आला म्हणून व्हिडिओ बदलू नका. पुढची सूचना यायच्या आधीच शरीर तयार व्हायला लागलं की बदलायची वेळ झाली. दुसरा व्हिडिओ शक्यतो त्याच शिक्षकांचा घ्या, पाच-दहा मिनिटांनी मोठा, ज्यात आठ ओळखीच्या आसनांत दोनच नवी असतील. त्या दोन आसनांपुरती कानांची परीक्षा पुन्हा घ्या. आई आता तिसऱ्या व्हिडिओवर आहे. सकाळी सहाला तिच्या खोलीतून बाईंचा आवाज येतो, "बाहेर येताना सावकाश", आणि फोन उशीजवळ पालथा पडलेला असतो.